नडगीवरचं न्हाणं

वडूज
१० जुलै

सोनाक्का विहीणबाई,

आदी एक पेढा तोंडात घाला, मग पुढं वाचा. पेढा नसंल तर गुळाचा खडा चालंल. मला दोन्ही बंद, म्हणून माझ्या वाटणीचा बी तुमीच खा.

काल जयराजरावांचा फोन आला की आमच्या संयोगिताला चौथा लागला आणि सगळं नीट हाय. म्हंजे तुमी बी आजी आणि मी बी आजी! फोन कृष्णातच्या कानाला होता, तो मी वढूनच घेतला. "आगं बया" अशी वरडले म्हणता, गोठ्यातली म्हस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. कृष्णात म्हणतो, "आई, हळू, तुझं बीपी." म्हणलं, लेका, तुझं लगीन जमलं तर बीपी बघू, आज न्हाई.

आता फोन सोडून कागद का? तर तुमचा फोन सदा स्पीकरवर, आणि स्पीकरच्या शेजारी माझी लेक. पोटुशीच्या कानावर घालू नये असं लय काय काय असतंय. आणि दुसरं असं, की मूत्रपिंडं बसल्यापासनं मी आठवड्यातनं तीनदा साताऱ्याला डायलिसिसच्या मशीनवर असते. डावा हात मशीनचा, उजवा माझा. पडल्या पडल्या करू काय? बाकीचे मोबाईल बघत्यात, मी लिहिते. तिसरीपतूर शिकलेली अक्षरं हायत, गंजवू कशाला? जोडाक्षर चुकलं तर हसा, पण एकट्याच हसा. एस्टीतला कंडक्टर मला मशीनवाल्या मावशी म्हणतो आणि खिडकी धरून ठेवतो. मान हाय मला.

बरं, मुद्द्याचं. पयलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि बाळाला पायावर घेऊन न्हाऊ मी घालणार. संयोगिता, कृष्णात आणि आळीतली निम्मी पोरं माझ्या नडग्यांवर न्हाल्यात. पाय लांब करून बसायचं, नडग्यांची पन्हाळ करायची, त्यात लेकरू असं बसतंय की जणू त्याच्यासाठीच घडवलीय. पाट घासून ठेवला. तांब्या बी घासला. आजारी हाय ती किडनी हाय, विहीणबाई. पाय खणखणीत हायत.

तुमची साळूबाई

*

तासगाव
१९ जुलै

साळूबाई यांस सोनाक्काचा नमस्कार,

पेढा खाल्ला. तुमच्या वाटणीचा बी खाल्ला. तिसरा जयराजच्या बापानं न बघता उचलला.

पाय खणखणीत म्हणता, तर गेल्या माघात नुसती कळशी उचलताना मनगट मोडलं ते कुणाचं? माझं तर न्हाई. आणि लग्नात मांडवाच्या तीन पायऱ्या चढताना भिंत कोण धरत हुतं? मी विहीण हाय, माझं लक्ष दुसरीकडं कुठं असणार?

राग धरू नका. पण बाळंतपण हितंच करू. पोरीची उस्तवार, बाळाचं न्हाणं-शेकणं, वर तुमची ती साताऱ्याची वारी, हे कसं जमायचं? न्हाऊ मी घालीन. मला एकच ल्योक झाला, त्याला माझ्या सासूनं न्हाऊ घातलं, मला हात लावू दिला न्हाई. "तुला जमायचं न्हाई" म्हणायची. आता कुठं पाळी आली माझी.

पर तुमची हाडं अशी सोडणार न्हाई. आमच्या गल्लीतल्या नूरजहांभाभीच्या अश्फाकचा टेंपो वडूजला निघालाय, त्यात डबा दिलाय. डिंकाचे लाडू, त्यात खारीक, खोबरं, बदाम, तीळ, खसखस, हात आखडला न्हाई. आणि आपल्या शेडवरचा हिरवा बेदाणा दोन किलो. रोज सकाळी एक लाडू, मूठभर बेदाणं. बाळंतिणीची हाडं उभी राहत्यात ह्यानं, तुमची का न्हाई राहायची?

सोनाक्का

*

वडूज
३० जुलै

सोनाक्का,

तुमच्या लाडवांनी मला मारलंच होतं, पण चव अशी होती की मरायला हरकत न्हवती.

दोन खाल्ले. खोटं कशाला, तीन. रात्री अंगाला अशी खाज सुटली की दाराच्या चौकटीला पाठ घासत बसले, म्हशीनं बघून घेतलं आणि मान फिरवली. साताऱ्यात रक्त तपासलं तर डॉक्टरीणबाई खुर्चीतनं उठल्या. म्हणाल्या, "आजी, काय खाल्लंत?" म्हणलं, विहिणीची माया. "मायेत काय काय होतं?" सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "सगळा फॉस्फरस! आणि बेदाण्यात पोटॅशियम, ते हृदयाला."

माझा बेदाणा कृष्णातनं खाल्ला. उरलेले लाडू मी डोळ्यांनी खाल्ले.

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं, ते तुमाला सांगते, आणि पायाचं खरं बी सांगते. दुखत्यात. दोन वर्षं झाली. रात्री नडग्या आतनं कुणी किसावं तशा. मनगट बी त्यातनंच मोडलं. तुमी बघितलंत ते खरं बघितलंत.

बाई म्हणाल्या, हाड म्हंजे भिंत. आपण जुना पोपडा खरवडतो, मग शेणमाती लिंपतो, तवा भिंत टिकते. हाडात बी एक खरवडणारा असतो आणि एक लिंपणारा. ह्या दोघांचा मुकादम आपल्या गळ्यात हाय, मसुरीच्या डाळीएवढ्या चार गाठी. किडनी बसली की रक्तात फॉस्फरस तुंबतो. तुंबला की त्या गाठी बोंबलत सुटत्यात, आणि खरवडणारा भिंतच खणाय लागतो. तुमी घातलंत हाडाला बळ म्हणून, आणि ते गेलं खरवडणाऱ्याच्या पोटात. हाय का न्हाई गंमत!

मशीन फॉस्फरस काढतं, पण मी मशीनवर असते तेवढ्यापुरतंच. घरी येईस्तोवर हाडामांसातला परत रक्तात येतो. म्हणून बाईंनी नवी गोळी दिली, कॅल्शियमची. ती जेवणाच्या पयल्या घासाबरोबर चावून खायची. पोटात जेवणातला फॉस्फरस पकडती आणि संडासावाटं बाहेर नेती.

आणि आता ऐका! दुसरी एक रीत निघालीय. निघालीय म्हंजे जुनीच हाय, मलाच आता कळली. पोटात एक नळी बसवत्यात. घरीच, दिसातनं चारदा, पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, ते आत बसून रक्तातली घाण वढून घेतं, मग दुसऱ्या पिशवीत काढून टाकायचं. सातारा न्हाई, सुई न्हाई, एस्टी न्हाई. रोज थोडं थोडं, किडनी करायची तसं.

मी इचारलं, "हाडाला कोणतं चांगलं?" बाई म्हणाल्या, "आजी, मशीन वाईट आणि पिशवी चांगली असं न्हाई. मशीनवर हाड फार खणलं जातं, तुमचं तसंच झालंय. पिशवीवर कधी उलटं होतं. माणसागणिक बघायचं, रक्त तपासत राहायचं."

मी तितंच ठरवलं. का, ते सांगू? मशीनसाठी डाव्या हाताची शीर जोडलीय, त्या हातावर वजन घ्यायचं न्हाई, दाब द्यायचा न्हाई. आणि बाळाची मान कोणत्या हातानं धरत्यात? डाव्या! शीर तशीच राहणार म्हणा, पण साताऱ्याला जाणारे ते तीन दिस तरी माझे होतील, आणि नडग्या सुधरतील. बाळंतपण वडूजलाच. तुमच्या सासूचं ऐकून वाईट वाटलं. पण पाळी माझीच.

साळू

*

तासगाव
९ ऑगस्ट

साळूबाई,

लाडवांचं वाचून दिसभर तोंडाला चव न्हवती. मला काय ठाव, तुमच्या पोटात डिंक बी उलटा चालतो.

आणि पोटात पाणी भरून घेणार? टाकी हाय का माणूस? शेजारची म्हणती, पाणी डोक्यात चढतं. मी तिला म्हणलं, तुझ्या डोक्यात काय चढलंय ते आदी बघ. पर भ्या वाटतंय, खरं सांगते. तुमी नळी घालून घेणार ती नातवंडासाठी, आणि नातवंड त्याच नळीला लाथ मारंल. त्याचा इचार केलाय का?

संयोगिताला काय कळू दिलं न्हाई. तिला कैरी पायजे आणि आत्ता कैरी कुठली! ओटभरणाला या. पुढचं समोरासमोर भांडू.

सोनाक्का

*

वडूज
२८ ऑक्टोबर

सोनाक्का,

ओटभरण लय देखणं केलंत. फुलांचा धनुष्यबाण, हिरवी साडी, माझी पोर कशी देवीगत दिसत होती. पण निघताना तुमचं तोंड का फुगलं ते कळलं न्हाई. मी इचारणार होते, पण जयराजरावांनी गाडी चालू केली. जाऊ द्या. लेक आता माझ्याकडं आलीय, आणि सारखी भूक भूक करतीय.

पिशवीचं सांगते. अवं, मी आता डॉक्टरच झाले! खोली पुसून घेते, पंखा बंद, तोंडाला फडकं, हात साबणानं कोपरापतूर. खुंटीला जिथं कृष्णातचा रेनकोट होता तिथं पिशवी. कुणी मधी आलं की मी डोळे वटारते. सिस्टरनी शिकवलंय, एक जंतू आत गेला तर पोट सुजतं. मांजराला सुद्धा कळलंय, पिशवीच्या वक्ताला ती भायेर बसती. साताऱ्याला आता महिन्यातनं एकदा. कंडक्टर भेटला तर म्हणाला, "मावशी, खिडकी सुनी पडली."

खाज गेली. नडग्यांचं किसणं थांबलं. पोटॅशियम रोजच्या रोज निघून जातं म्हणून बाईंनी थोडासा बेदाणा खायला परवानगी दिली! चार दाणे जिभेवर धरले आणि तासगाव आठवलं.

पण परवा एक इपरीत झालं. बाई कागद बघत म्हणाल्या, "आजी, तुमची हाडं झोपलीत."

मी म्हणलं, "मग उठवा की!"

त्या हसल्या न्हाईत. आता गळ्यातल्या गाठी अजाबात गप झाल्यात म्हणे. रक्तात कॅल्शियम जादा झालंय. म्हंजे खरवडणारा बी झोपला आणि लिंपणारा बी झोपला. भिंत दिसाया चांगली, पण बारीक चीर गेली तर बुजवायला कुणी न्हाई. पिशवीवर कधी कधी होतं असं, पण इतक्या लौकर का, ते त्यांनाबी उमगंना. मी इचारलं, "आणि बाळाचं न्हाणं?" त्या म्हणाल्या, "आत्ता न्हाई. झोपलेल्या हाडावर लाथा झाडणारं लेकरू घेऊ नका."

घरी येऊन मी नडगीवर उलथण्याची दांडी वाजवली. ऊठ म्हणलं, पोरगी सातव्यात हाय, ही काय झोपायची येळ हाय! कृष्णात म्हणतो, "आई, हलगी लावू का?" हसू बी आलं आणि रडू बी.

पण मी हारणारी न्हाई. नवस सांगू नये, पण तुमी घरच्याच. औंधाच्या यमाईला बोललेय. बाळ सुखरूप माझ्या पायावर येईस्तोवर एकभुक्त राहीन, फक्त रातचं जेवीन. गणपती उठले तवापासनं चाललंय. डॉक्टरीणबाईंना सांगितलं न्हाई, त्यांना देवाचं काय कळतंय. गोळ्या मात्र एक चुकवली न्हाई. सकाळ, दुपार, रात, तीन म्हंजे तीन, पाण्याबरोबर.

साळू

*

तासगाव
४ नोव्हेंबर

साळूबाई, हा कागद हातात पडला की उभ्या उभ्या वाचा आणि आदी भाकरी खा.

ओटभरणाला माझं तोंड का फुगलं, सांगते. मी पुरणाचं केलं, तुमच्यासाठी येगळं बिनमिठाचं पिठलं, भात, समदं. तुमी ताटाला हात लावला न्हाई. वर माझ्या डोळ्यांदेखत पिशवीतनं गोळी काढलीत आणि पाण्याबरोबर गिळलीत. मला वाटलं, विहिणीच्या हातचं चालत न्हाई, औषध चालतंय. लाडवांचा डूख धरलाय. विहीण विहिणीचं ताट बघती, ती जातच तशी. दीड महिना मनात ठेवलं.

काल तुमचं पत्र वाचलं आणि जुलैचं बी परत काढलं. त्यात तुमीच लिहिलंय, गोळी पयल्या घासाबरोबर चावायची. ती जेवणातला फॉस्फरस पकडती. मग मला सांगा, सकाळी घास न्हाई, दुपारी घास न्हाई, तर ती रिकाम्या पोटात जाऊन पकडती काय? कॅल्शियमची गोळी, पकडाय काय मिळालं न्हाई तर रक्तात जाऊन बसंल की! आणि तुमच्या बाई म्हणत्यात कॅल्शियम जादा झालंय. मी लय शिकलेली न्हाई, पर ताट आणि गोळी शेजारी शेजारी ठेवून बघितलं, एवढंच. चुकलं असंल तर डॉक्टरीणबाई सांगतील. पर त्यांना इचारा. नवसाचं समदं सांगा. लाजू नका.

आणि नवस मोडायचं भ्या असंल तर ऐका. आज सकाळी देवापुढं दिवा लावला आणि यमाईला हितनंच हात जोडून सांगितलं, साळूबाईचा उपास माझ्या नावावर कर. नवस तिचा, एकभुक्त माझं. नातवंड दोघींचं हाय, तर उपास बी दोघींचा. माझ्या मूत्रपिंडांना काय झालेलं न्हाई, हाडं बी म्हातारी हायत पर जागी हायत.

आता माझं बी एक उघडं करते. न्हाऊ मी घालीन, असं मोठ्या तोंडानं लिहिलं हुतं. मला पाय लांब करून खाली बसताच येत न्हाई. शेडवर बेदाणा वाळत घालताना घसरून पडले, तवापासनं गुडघे न वाकता न पसरता मधीच अडकल्यात. खुर्चीवर बसते, तीच माझी बैठक. म्हणजे सासू म्हणायची ते खरंच झालं, मला जमायचं न्हाई. तुमीच घाला न्हाऊ. पण पाय जागे करून घाला.

सोनाक्का

*

वडूज
१६ जानेवारी

सोनाक्का, सोनाक्का, सोनाक्का!

नात बघून तुमी दवाखान्यातनं गेलात त्याला आठवडाच झाला, पण मला वरीस झाल्यागत वाटतंय. नाक तुमचं हाय. ते जाऊ द्या, मोठेपणी बदलतंय.

तवा गर्दीत सांगता आलं न्हाई ते सांगते. तुमचं पत्र घेऊन मी दुसऱ्याच दिशी सातारा गाठलं. डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात बसून नवसाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. "आजी, गोळी तुमच्यासाठी नव्हती, जेवणासाठी होती! जेवण न्हाई तर गोळी न्हाई. रिकाम्या पोटी ती सगळी रक्तात गेली." मग म्हणाल्या, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" म्हणलं, माझ्या न्हाई, विहिणीच्या. ती माझं ताट बघती.

त्या इतक्या हसल्या की सिस्टर दारात आली.

ती गोळी बंद केली, बिनकॅल्शियमची दुसरी दिली, घासाबरोबर. पिशवीतल्या पाण्यात बी कॅल्शियम असतं म्हणे, ते कमीचं आणलं. आणि उपास केलात तर मीच येऊन भरवीन, अशी तंबी दिली. रोज अंड्यातलं पांढरं खाते, कारण पिशवीतनं अंगातला कस बी निघून जातो. यमाईला सांगितलं, अंडं माझं, उपास सोनाक्काचा, हिशेब तुमी दोघी बघून घ्या.

काल परत रक्त तपासलं. गाठी कुजबुजाय लागल्यात! बोंबलत न्हाईत, निजल्या बी न्हाईत. बाई म्हणाल्या, "लिंपणारा कामावर आलाय, पण अजून हळू हळू." मी इचारलं, न्हाणं? त्यांनी लय येळ कागद बघितला. माझा जीव नखात. मग म्हणाल्या, पाय जमिनीला टेकलेले, खाली घडी केलेली वाकळ, पाठ भिंतीला. नळीवर पट्टी, वर प्लास्टिक, पाण्याचा थेंब लागता कामा नये. "आणि आजी, पुढं वाकायचं न्हाई. पोटात पाणी असतं."

आता सांगा, न वाकता बाळाला चोळणार कशी? डाव्या हातावर तर तिची मान बी घ्यायची न्हाई. मी तितंच ओळखलं की देवीनं हे असं का ठेवलंय.

नाळ पडली. आळीतल्या बायका इचारत्यात, अजून पायावर का घेतलं न्हाई? मी ओल्या फडक्यानं पुसून घेते आणि म्हणते, मुहूर्त यायचाय तासगावास्नं. पाटाशेजारी कृष्णातकडनं एक बुटकं स्टूल करून घेतलंय, तुमच्या गुडघ्याच्या उंचीचं. तुमी त्यावर बसायचं, न वाकता न पसरता. पाय माझे, हात तुमचे.

या लौकर. पोरीच्या मानेला वळ्या पडल्यात, त्यात दूध साचतंय.

साळू

*

तासगाव
२ फेब्रुवारी

साळूबाई,

घरी पोचले. हाताला अजून तेलाचा वास हाय, आणि मी दुपारची भाकरी त्याच हातानं खाल्ली, धुतला न्हाई.

तुमच्या नडग्यांवर पोरगी ठेवली तवा तुमी हसत हुता, पण तुमच्या पायाची बोटं आखडली हुती. मी बघितलं. पयला तांब्या वतला, तिनं डोळे मोठे केले, रडली न्हाई, आणि मग तुमच्याच पायावर मुतली, तवा कुठं तुमची बोटं सैल झाली. संयोगिता दारात रडत हुती. तिला वाटलं, कौतुकानं आमी दोघी मिळून न्हाऊ घालतोय. वाटू द्या.

येताना औंधाला उतरले. एकभुक्त फेडलं. देवीला म्हणलं, साळूबाईकडचं काय राहिलं असंल तर माझ्याकडनं घे. पर आता लाडू करणार न्हाई.

सासूला वरती कुणीतरी निरोप द्या, सोनाक्काला जमलं.

सोनाक्का

*

वडूज
२० मार्च

सोनाक्का,

तुमच्या माघारी मी तिला कुशीत घेते, भरवते, झोपवते, पण पायावर घेत न्हाई. न्हाणं तुमच्या वारीलाच. मधल्या दिसांत संयोगिता घालते, मी भिंतीला बसून चुका काढते.

आज मात्र राहवलं न्हाई. वाकळीवर पाय पसरले आणि म्हणलं, नुसती ठेव गं, पाणी न्हाई. ठेवली. दुपट्यातनं पाय सोडवला कारटीनं, आणि अशी सणकून लाथ हाणली माझ्या नडगीवर, की डोळ्यापुढं तारे चमकले. संयोगिता घाबरून धावली, "आई, लागलं का?"

लागलं, सोनाक्का. ठणकलं, टाचेपतूर गेलं. आणि थोड्या येळानं आपोआप थांबलं.

मी हसतच बसले. लेकीला कळंना काय झालं. तुमाला कळंल. उठलंय हाड. नातीनंच उठवलं.

साळू